दोन उष्टे कप

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतलं फडकं जागच्या जागी होतं, त्याची गाठही सुटलेली नव्हती. फक्त फडक्यात जो खडक असायला हवा होता तो नव्हता. त्याच्या जागी नाशकातल्या कुठल्याही बांधावर मिळेल असा एक काळा दगड कुणीतरी बांधून ठेवला होता.

"अहिरे, आता जे सांगतो ते या खोलीबाहेर जाता कामा नये," राजाध्यक्ष साहेब म्हणाले.

इन्स्पेक्टर झुंबर अहिऱ्यांनी मान डोलावली. पोलीस खात्यात केस पांढरे झालेल्या माणसाला हे वाक्य सवयीचं असतं, आणि त्यामागून काहीतरी ओंगळ येणार हेही ठाऊक असतं. अहिरे मूळचे बागलाणातले, वाढले मालेगावात. अंगानं आडवे, बोलायला मवाळ, आणि वर नाव झुंबर. त्या नावाची थट्टा शाळेपासून इतकी झाली होती, की आता कुणी हसायच्या आत तेच हसून मोकळे होत. आज मात्र राजाध्यक्ष साहेबांचा चेहरा पाहून त्यांना हसू सुचलं नाही.

गोष्ट एक्याऐंशी सालच्या जुलैतली. पूर्वेकडच्या शेजारी देशाच्या आणि आपल्या सीमेखाली, खोल जमिनीत, नैसर्गिक वायूचा साठा सापडला होता. वायू एकच, वर रेघ ओढून बसलेले मालक दोन. कुणी किती काढायचा आणि कुणी कुणाला किती द्यायचा याची बोलणी करायची होती. दिल्लीत बातमीदारांचा ससेमिरा, म्हणून ती नाशकाबाहेरच्या टेकडीवरल्या सरकारी बंगल्यात चालली होती. राजाध्यक्ष आपल्या बाजूचे प्रमुख. एकेकाळी ते इथले कलेक्टर होते, म्हणून जागा त्यांनीच सुचवलेली. समोरच्या बाजूनं इंजिनियर मतीन साहेब आले होते. वाहून नेण्यासारखा पुरावा म्हणजे तो खडक: आपल्या हद्दीत भोक पाडून काढलेला, मनगटाएवढा जाड नमुना. वायूचा थर आपल्याकडेही पसरलाय हे त्यावरून सिद्ध होणार होतं. सोमवारी तो टेबलावर ठेवायचा होता.

"म्हणजे चोराला शोधायचं आणि खडकही शोधायचा," अहिरे म्हणाले.

"खडक सापडलाय, अहिरे. तेच तर दुर्दैव." राजाध्यक्षांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "मतीन साहेबांच्या कपाटात सापडलाय. त्यांच्या कपड्यांखाली."

२

शुक्रवारी बोलणी बंद असत. मतीन साहेब दुपारी नमाजासाठी जुन्या नाशकातल्या मशिदीत गेले होते आणि राजाध्यक्ष सकाळपासून कलेक्टरांकडे होते. ते परतले तेव्हा सल्लागार भार्गव धावतच सामोरे आले. खडकावर पुन्हा एक नजर टाकावी म्हणून त्यांनी जादा किल्लीनं कपाट उघडलं, फडकं सोडलं, तर आत काळा दगड. मतीन साहेब परतून बागेत फिरत होते, तेवढ्यात दोघांनी त्यांची खोली पाहिली. खडक तिथे मिळाला. टेबलावर चहाचे दोन उष्टे कपही होते.

"दोन?" अहिऱ्यांनी विचारलं.

"एक पाहुण्यांचा आणि एक चंदर पगारेचा," उत्तर भार्गवांनी दिलं. भार्गव जन्मानं इंदूरचे, त्यामुळे मराठी बरी बोलत. भोकं पाडण्याच्या कामातले देशातले मोजके जाणकार, कपडे कडक इस्त्रीचे. त्यासाठीची यंत्रं कुणाकडून घ्यावीत हेही सरकारला तेच सुचवत. "हा चंदर इथल्या कचेरीतला कारकून. किल्ली त्याच्याकडे असते. सकाळी तो पाहुण्यांच्या खोलीत गेला, तेव्हा मी व्हरांड्यातून जात होतो. दोघं समोरासमोर बसून चहा घेत होते. देशाचं इमान विकताना चहा तर हवाच!"

राजाध्यक्षांनी कपाळ चोळलं. "आठ वाजता मला दिल्लीला फोन करायचाय. पाहुण्यांनी चोरी केली असं सांगितलं की बोलणी संपली, आणि या जन्मात पुन्हा होतील असं वाटत नाही. चंदरवर देशद्रोहाचा खटला होईल. तो तर कोवळा पोरगा आहे. पण डोळ्यांनी पाहिलेलं कसं नाकारू?"

"पाहुण्यांना विचारलं?"

"वेड लागलंय का? परक्या देशाच्या माणसाला विचारायचं, तू चोर आहेस का? तुम्हीही विचारायचं नाही. खडक मी उचलून आणलाय. कपाचं, खडकाचं, एक अक्षर त्यांच्यापुढे निघता कामा नये."

अहिरे मनातल्या मनात स्वतःच्या अहिराणी बोलीत वैतागले, हाई काय शे! ज्याच्या खोलीत चोरीचा माल सापडला त्यालाच काही विचारायचं नाही. म्हणजे पोहायला शीक पण पाण्यात उतरू नकोस, असं झालं.

३

चंदरला सामानाच्या खोलीत बसवलं होतं. चोविशीतला पोरगा, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"बटण कशानं तुटलं?"

"जीपमध्ये चढवताना, साहेब. मी सकाळचं काम उरकून घरी गेलो होतो. दुपारी जेवत होतो तेवढ्यात जीप आली. सगळी कॉलनी गोळा झाली." त्यानं बटणाची जागा चाचपली. "आई मागून पळत आली. मी काय केलंय तेच तिला कुणी सांगेना. मलाही आत्ता कळलं. साहेब, मी तो खडक कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही."

"किल्ली तुझ्याकडे आणि पाहिला नाहीस?"

"हात लावायचा नाही असा हुकूम आहे. भार्गव साहेब तपासतात, तेच फडक्यात गुंडाळतात, गाठ मारतात. मी बांधलेलं बोचकं कपाटात ठेवतो आणि कुलूप लावतो. कालही तसंच ठेवलं."

"आज मतीन साहेबांच्या खोलीत गेला होतास?"

"गेलो होतो. त्यांनी खजूर मागवला होता. मेन रोडवरून आणला आणि देऊन आलो."

"आत बसलास?"

"दारातूनच दिला. पण चांगला माणूस आहे साहेब तो. मला नावानं हाक मारतो." चंदरनं मान खाली घातली. "आमच्या आईनं लोकांची धुणी करून मला शिकवलं. सरकारी नोकरी लागली तेव्हा तिनं अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. आता त्या कॉलनीत ती कशी राहायची?"

पोलिसाच्या तोंडी 'बघू' हा शब्द फार वेळा येतो. तो त्यांनी याही वेळी वापरला, आणि वापरल्याची त्यांना लाज वाटली.

स्वयंपाकघरात रंगूबाई चुलीपाशी फुरंगटून बसली होती. बंगल्यातलं रांधणं-वाढणं तिच्याकडे. दिंडोरीकडची बाई, बोलणं फटकळ आणि हात सढळ.

"सायेब, आधीच सांगते, माज्या जेवणात कायबी खोट नाय," तिनं सुरुवात केली. "आठ दिस झाले, पाव्हणे मिटक्या मारत जेवत्यात. भाताला तर दोनदा हात. आन् आज बगा, ताट जसंच्या तसं परत! म्हनले, आज नको. सकाळचा च्या बी नको म्हनले. माजी नोकरी जायाची का काय?"

"चहा नको म्हणाले? मग त्यांच्या खोलीत कप कुणी नेले?"

"म्या तर नाय नेले. सकाळी किटली आन् कप नेले ते भार्गव सायबांच्या खोलीत. राजाध्यक्ष सायेब च्याला येनार हायेत म्हनले."

"राजाध्यक्ष तर बाहेर होते."

"ते मला काय ठावं? मोठ्या मान्सांचं कोन कुठं आसतं ते आमाला कोन सांगतंय?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "चंदरला लवकर सोडा बरं. त्याच्या आईचा जीव टांगनीला लागला आसंल."

४

खिडक्यांच्या कड्या तपासायच्या निमित्तानं अहिरे मतीन साहेबांच्या खोलीत शिरले. मतीन साठीतले, बारीक चणीचे, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी पोलिसाला पाहून कपाळाला आठी घातली नाही, उलट खुर्ची पुढे केली आणि रंगूबाईला हाक मारून चहा सांगितला. चहा एकच आला. त्यांनी तो अहिऱ्यांपुढे सरकवला.

"आप नहीं लेंगे?"

"मैं बाद में. आप लीजिए, ठंडा हो जाएगा."

त्यांचे ओठ कोरडे पडले होते, आवाजही थकलेला होता. टेबलावर कागदाची पुडी न उघडता ठेवलेली होती. पाण्याच्या तांब्यावर झाकण होतं. अहिऱ्यांनी चहाचा घोट घेतला आणि खिडकीची कडी उगाच दोनदा वर-खाली केली.

"इन्स्पेक्टर साहब," मतीन म्हणाले, "ज़मीन के नीचे गैस को मालूम नहीं कि सरहद किधर है. आप जल्दी खींचोगे तो हम भी जल्दी खींचेंगे. दोनों का नुकसान. मिलकर निकालेंगे तो बरसों चलेगा. मेरी नौकरी का यह आख़िरी काम है. हो जाए तो चैन से घर बैठूँगा."

"होईल," अहिरे मराठीतच बोलून गेले.

मतीन हसले. मग घड्याळाकडे पाहिलं आणि खिडकीबाहेरच्या ढगांकडेही. "वो लड़का नहीं दिखा, चंदर? मैंने कहा था, शाम को मेरे साथ बैठना."

अहिऱ्यांनी कप खाली ठेवला. या माणसाला खोटं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. "येईल," एवढं बोलून ते बाहेर पडले.

व्हरांड्याच्या पायरीवर ते टेकले. पाऊस नव्हता, पण हवा ओली होती. साडेसहा होऊन गेले होते आणि दिल्लीच्या फोनला फारसा अवधी उरला नव्हता. परत आलेलं ताट, नाकारलेला चहा, न उघडलेला खजूर, आणि बाद में.

मालेगावात त्यांच्या घराला लागून एका विणकराचं घर होतं. वर्षातून एक महिना संध्याकाळी त्या घरातले माग एकदम थांबत. मग भिंतीवरून एक ताटली इकडे येई आणि झुंबरची आई त्यात काहीतरी घालून ती परत करी. त्या महिन्यात दुपारी त्या घरातलं कुणी पाण्यालाही शिवत नसे. पोरवयात झुंबर त्यांच्यापुढे मुद्दाम पेरू खायचा आणि आईच्या हातचा धपाटा खायचा.

अहिरे ताडकन उठले. एवढी वर्षं मालेगावात काढून ही गोष्ट आपल्या ध्यानात यायला इतका वेळ लागावा, म्हणून त्यांनी स्वतःला एक शिवी घातली.

५

"भार्गव साहेब, तुमचं सांगणं पुन्हा एकदा ऐकायचंय," अहिरे म्हणाले. जेवणाच्या मोठ्या खोलीत तिघंच होते. व्हरांड्याकडची खिडकी बंद होती, पण काचेतून बाहेरचं दिसत होतं. "मतीन साहेबांनी कप तोंडाला लावलेला तुम्ही पाहिलात?"

"कितीदा सांगू? पाहिला."

"नुसता समोर ठेवलेला नव्हे? घोट घेताना पाहिलंत?"

"माझे डोळे शाबूत आहेत, इन्स्पेक्टर. चांगले गप्पा मारत पीत होते."

"साहेब, लिहून देतील ना असं?" अहिऱ्यांनी राजाध्यक्षांना विचारलं. भार्गवांनीच उत्तर दिलं, "आत्ता देतो!"

"मग जरा बाहेर पाहा."

व्हरांड्यात मतीन साहेब एकटेच खुर्चीवर बसले होते. समोर तिपाईवर पाण्याचा पेला आणि बशीत खजूर. शेजारी एक रिकामी खुर्ची ओढून ठेवलेली. ते घड्याळाकडे पाहत होते. मग त्यांनी दोन्ही तळहात उघडले, ओठ हलले, आणि एक खजूर तोंडात घातला. त्यानंतर ते पाणी प्याले, दिवसभर तहानलेला माणूस पितो तसे, डोळे मिटून.

राजाध्यक्ष खिडकीपाशी गेले. "रोजा?" ते हळूच म्हणाले.

"पहाटेपासूनचा. चहा राहू द्या, आज पाण्याचा थेंबही त्यांच्या पोटात गेलेला नव्हता."

"अशक्य!" भार्गव ओरडले. "आठवडाभर माझ्या शेजारी बसून जेवलाय तो!"

"तिथेच तुम्ही फसलात. प्रवासात रोजा न धरायची सवलत असते. बोलणी चालू असताना यजमानाच्या पंगतीत हात आखडायचा नाही, म्हणून ते जेवले. आज सुट्टी, म्हणून आज धरला. त्याचा गाजावाजा केला नाही. पण रोजा सोडायचा खजूर चंदरनंच आणला होता. रंगूबाईला कारण ठाऊक नव्हतं, तरी ताट परत आल्याचं ठाऊक होतं. या दोघांपैकी कुणालाही खोटा पुरावा मांडायचा असता, तर आज त्यांच्या खोलीत चहाचे कप नक्कीच ठेवले नसते. ते ठेवले ज्याला आज पाहुण्यानं काय खाल्लं याची गंधवार्ता नव्हती, त्यानं."

"मलाही नव्हती," राजाध्यक्ष म्हणाले.

"कप ठेवले गेले तेव्हा तुम्ही इथं नव्हता, साहेब. नाहीतर मला तुमचीही उलटतपासणी घ्यावी लागली असती."

अहिरे पुढे बोलत राहिले. चंदर खजूर द्यायला गेला तेवढं भार्गवांनी खरंच पाहिलं होतं आणि त्यावर बाकीचं रचलं. राजाध्यक्षांच्या नावानं चहा आणि दोन कप मागवले. मतीन साहेब मशिदीत गेल्यावर उष्टे कप त्यांच्या टेबलावर आणि खडक त्यांच्या कपाटात गेला. किटली मात्र अजून भार्गवांच्या खोलीतच होती. खडकाची अदलाबदल कालच झाली होती, तीही उघड उघड. बोचकं बांधायचे ते भार्गवच. चंदरनं कपाटात ठेवला तोच मुळी काळा दगड होता.

"पण का?" राजाध्यक्ष भार्गवांना विचारत होते. "अहो, तुम्ही आपले ना?"

उत्तर अहिऱ्यांनी दिलं, "साहेब, आमची विहीर चुलत्याबरोबर सामाईक होती. पाळी ठरलेली होती, एक दिवस आमचा आणि एक त्यांचा. मग एक इंजिनवाला दोघांकडे वेगवेगळा येऊन चहा पिऊ लागला. दुसरा जास्त उपसतो असं दोघांच्याही कानात त्यानं भरवलं. दोघांनी मोठमोठी इंजिनं घेतली आणि विहीर कोरडी पडली. एक भाऊ वारला, तर दुसरा त्याच्या तेराव्यालाही गेला नाही. करार झाला तर सीमेवर थोडीच भोकं पाडावी लागतील. मोडला तर दोन्हीकडून शर्यत लागेल. ती यंत्रं कुणाकडून घ्यायची, हे तुम्हाला महिनाभर कोण पटवत होतं?"

राजाध्यक्ष खुर्चीवर बसले. उत्तर त्यांच्या तोंडावरच उमटलं होतं.

"मी नसतो तर दुसऱ्या कुणीतरी ती विकलीच असती," भार्गव अखेर म्हणाले. आवाजात पश्चात्ताप नव्हता, नुसता कंटाळा होता. अहिऱ्यांना त्याचीच जास्त चीड आली.

६

आठचा फोन झाला. भार्गव सकाळी 'प्रकृतीच्या कारणास्तव' दिल्लीला जातील. तिथे त्यांची जी काय चौकशी व्हायची ती बंद दाराआड होईल. बोलणी सोमवारी सुरू राहतील. पाहुण्यांना यातलं काहीही कळता कामा नये, नाहीतर ज्या माणसानं त्यांना चोर ठरवायचा घाट घातला तो आपलाच होता, हे सांगावं लागेल.

"आणि चंदर?" अहिऱ्यांनी विचारलं.

"सोडा त्याला. त्याच्यावर काही ठपका नाही."

"हे कुणाला सांगायचं?"

राजाध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कुणालाच नाही."

"नेताना जीप भर दुपारी गेली होती, साहेब. हॉर्न वाजवत गेली होती."

राजाध्यक्ष वाईट माणूस नव्हते. ते उठले आणि त्यांनी छत्री घेतली.

सामानाच्या खोलीतून सुटून चंदर व्हरांड्यात आला, तेव्हा मतीन साहेबांनी त्याच्यासाठी दोन खजूर राखून ठेवले होते. "देर कर दी, बेटा," ते म्हणाले. चंदरनं ते खजूर घेतले. खाल्ले की नाही हे अंधारात दिसलं नाही.

चंदरला घरी सोडायला दोघं निघाले, तर नाशकातल्या द्वारकेच्या चौकात आग्रा रोडचे ट्रक अडकून पडले होते आणि पाऊसही सुरू झाला. जीप कॉलनीत शिरली तेव्हा दारं लागली होती, रेडिओचे आवाज तेवढे आतून येत होते. एकच दार उघडं होतं. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कंदील, आणि उंबऱ्यावर चंदरची आई सुलाबाई बसलेली. लेकाला पाहून ती उठली, तिनं त्याच्या तोंडावरून, हातावरून, तुटलेल्या बटणावरून हात फिरवला. मग तिनं मागे उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या मुलाची काही चूक नव्हती," राजाध्यक्ष म्हणाले. "मी स्वतः तुम्हाला तेच सांगायला आलोय."

"मला कशाला सांगता? मी वळखते माज्या लेकाला."

"तसं नव्हे. म्हणजे, त्याची नोकरी, सगळं..."

"सायेब, दुपारी ही गाडी आली तव्हा समदी कॉलनी भाईर व्हती. पोलिसानं याचा दंड धरल्याला लहान पोरांनीबी पाह्यलं. कोन म्हनलं चोरी केली, कोन म्हनलं देस इकला." तिचा आवाज चढला नाही. "आन् आता दारं लागल्यावर आनून सोडता? पावसापान्याचं? कुनी पाह्यलं तुमाला? उद्या लोकं म्हनतील, सायबांच्या पाया पडून सुटून आला."

राजाध्यक्षांनी अहिऱ्यांकडे पाहिलं. अहिऱ्यांनी नजर खाली वळवली.

"घिऊन जावा त्याला," सुलाबाई म्हणाली. "सकाळी आना. नळाला पानी येतं तव्हा समद्या बाया हंडे घिऊन भाईर असत्यात. तव्हा आना, ह्याच गाडीतनं. तुमी बी या. मी रातभर बसते हितंच, मला काय व्हत नाय."

चंदर आईकडे पाहत राहिला. मग तो मागं फिरला आणि भिजत जाऊन जीपमध्ये बसला.

"माझ्या घरी झोपेल तो," अहिरे म्हणाले.

राजाध्यक्ष छत्री मिटून पावसात उभे होते. "अहिरे, इथे नळाला पाणी किती वाजता येतं?"

अहिऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. जीपमधून चंदरच म्हणाला, "साडेसहाला, साहेब."

"मग मी सहाला येतो," राजाध्यक्ष म्हणाले, आणि पुढची जागा सोडून ते मागे चंदरच्या शेजारी जाऊन बसले.